कोठाराची वही

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याने आपणहून एक टोमॅटो जास्त टाकला, तर मी पिशवीतले बाकीचे टोमॅटो दाबून बघतो. सिडनीत येऊन सहा वर्षं झाली तरी यात फरक पडला नव्हता. उलट इथे लोक ओळख ना पाळख, समोरून हसत येतात, त्यामुळे रोग वाढलाच. बायको म्हणायची, "तुला कुणी हॅपी बर्थडे म्हणालं तरी तू विचारशील, कशासाठी?" यात अतिशयोक्ती फार नव्हती.

ही गोष्ट कोविडच्या दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनमधली. आम्ही सिडनीच्या पश्चिमेला, क्वेकर्स हिलला, भाड्याच्या घरात राहत होतो. शहराच्या आमच्या बाजूला नियम जास्त कडक होते. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, घरी कुणी यायचं नाही, आणि डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालणार. हॅरिस पार्कच्या देशी दुकानांतून मेथी आणि श्रीखंड आणणं बंद झालं होतं. दुकानात कुणी खोकलं की अख्खी रांग एक पाऊल मागे सरकायची. शेजारची म्हातारी पडद्याआडून आमच्या दारासमोरच्या गाड्या मोजायची. खरं सांगतो, मला त्या दिवसांत फार परकं वाटलं नाही. सगळं शहर माझ्यासारखं झालं होतं.

माझं काम एका संस्थेच्या वेबसाइटचं. संस्थेचं नाव सांगत नाही, आरोग्याशी संबंध होता एवढं पुरे. टेस्ट आज कुठे होईल, किती वाजेपर्यंत होईल, कुठलं केंद्र बंद आहे, हे लोक आमच्या पानावर बघायचे. ही वेबसाइट म्हणजे एक खानावळ समजा. पुढे लोक बसलेले. आत संस्थेच्या दोन-तीन बायका रोजचा मजकूर शिजवतात. आणि त्याच्याही मागे एक कोठार. प्रत्येक पान, प्रत्येक फोटो, पानाची कालची, परवाची, गेल्या वर्षीची प्रत, सगळं त्या कोठारात. आमच्या धंद्यात त्याला रिपॉझिटरी म्हणतात. कोठारातून जे बाहेर येतं तेच लोकांच्या पुढ्यात पडतं. स्वयंपाकघर कितीही चकचकीत असलं तरी कोठारात उंदीर झाले की खानावळ बुडाली. त्या कोठाराची किल्ली माझ्याकडे होती.

कोठाराचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं. ज्या कंपनीचं होतं तिचं पत्र आलं, की या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट आम्ही लवकरच बंद करणार, नव्यावर या. माझी मॅनेजर ही निवृत्तीला आलेली ऑस्ट्रेलियन बाई. ती मला म्हणाली, "एक पानभर लिहून दे. अपग्रेड करायचं की नाही, हो किंवा नाही. तू म्हणशील तेच मी वर पाठवते. नो वरीज, मेट." या देशात जिथे 'नो वरीज' म्हणतात, नेमकी तिथेच काळजी करायची असते, असा माझा अनुभव.

माझी काळजी काय होती ते सांगतो. मी नोकरीच्या व्हिसावर होतो. संस्थेने मला स्पॉन्सर केलं होतं आणि कायम राहण्याचा अर्ज कुठल्यातरी ढिगात पडून होता. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि सोडून जायचं कसं, विमानं तर जवळजवळ बंद. मुलगी दुसरीत, तिची शाळा आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपमध्ये भरायची. बायको चाइल्डकेअरमध्ये कामाला, तिचा व्हिसा माझ्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला. साठ हा आकडा माझ्या डोक्यावर त्या हेलिकॉप्टरसारखा फिरायचा.

आणि ते जुनं कोठार हीच माझी नोकरी होती. ते अधूनमधून आजारी पडायचं आणि त्याचं औषध फक्त मला ठाऊक होतं. नवीन आलं की आजारपणच संपेल, असं कंपनी म्हणत होती. मग वैद्याचं काय काम?

यामागे एक जुना चटका आहे. पुण्यात होतो तेव्हा साहेबाने सांगितलं, सगळं नीट लिहून काढ आणि नव्या दोघांना केटी दे. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, आपल्या डोक्यातलं दुसऱ्याच्या डोक्यात ओतणं. मी वेड्यासारखं मन लावून लिहिलं. चौकोन काढले, बाण काढले, रंग दिले. साहेबाने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुमच्यासाठी सध्या प्रोजेक्ट नाही. पुण्याच्या आयटीवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. केटी मागितली की माणूस त्याच संध्याकाळी बायोडेटा उघडून बसतो. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर ताकच सोडलं.

इथे आल्यावर मी इंग्रजीत काहीही लिहून ठेवलं नाही. पण लिहिल्याशिवाय भागतही नाही, माणूस विसरतो. म्हणून एक वही केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, येताना बॅगेत आणलेली. लिहायचं मराठीत, आणि तेही माझ्या शब्दांत. रिपॉझिटरी म्हणजे कोठार. ती बंद करणं म्हणजे झोपवणे, सुरू करणं म्हणजे उठवणे. ऑफिसात कुणी ती वही चाळली असती तर त्याला ती किराण्याची यादी वाटली असती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, यातलं दुसरंही मी सोडलं नव्हतं. वहीत मधूनमधून माणसांच्या नोंदी होत्या. मॅनेजरबद्दल एकदा लिहिलं होतं, 'आज नो वरीज तीनदा म्हणाली. काहीतरी शिजतंय.'

एक नोंद मात्र लाल शाईत होती. 'उठवण्याआधी जुन्या पानांना कुलूप. विसरू नये.' त्याचं असं होतं, की आमचं कोठार झोपवून उठवलं की मुदत संपलेली जुनी पानं पुन्हा वर यायची आणि आजची पानं त्यांच्याखाली दबायची. सुरुवातीच्या काळात मी यावर एक तात्पुरता उपाय केला होता. चार ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचे हुकूम, ती हाताने चालवायची, की जुनी पानं आतच राहायची. तेच कुलूप. नीट दुरुस्ती करायची राहून गेली, आणि मग राहू दिली. कारण ते कुलूप कुणालाच माहीत नव्हतं आणि ते माझ्या सोयीचं होतं.

अपग्रेडच्या मीटिंगा दुपारी तीनला असायच्या. आमचे तीन म्हणजे भारतात सकाळचे साडेदहा. कंपनीच्या बाजूने एक तिशीतला तरुण असायचा, त्यांच्या पुण्याच्या ऑफिसातला, आता घरूनच काम करणारा. पहिल्या दिवशी मॅनेजर कॉलमधून बाहेर पडली आणि तो म्हणाला, "सर, तुम्ही मराठी ना? आडनाव बघितलं आणि बरं वाटलं."

मी म्हटलं, "येस. ओरिजिनली."

"सिडनीत कुठे राहता सर?"

"वेस्टर्न सबर्ब्ज. शॅल वी लुक ॲट द लॉग्ज?"

मराठी माणसाला मराठीत विचारल्यावर इंग्रजीत उत्तर देणं हा दार लावून घेण्याचा सभ्य मार्ग आहे, आणि मी ते दार नीट लावलं. पण त्याला ते कळलं नाही, की कळूनही त्याने कळू दिलं नाही. दुसऱ्या मीटिंगला त्याच्यामागे कुकरची शिट्टी झाली, तो "सॉरी सर, आईला सांगून आलो" म्हणत परत आला, आणि विचारतो, "तुमचे आई-वडील इकडेच असतात का? लस झाली का त्यांची? काही लागलं तर सांगा, मी जाऊन येईन."

आता मी स्वतः पुण्यात वाढलोय. मला कुणी सांगू नये. पुण्याचा माणूस, ओळख दोन दिवसांची, आणि आपणहून म्हणतो काही लागलं तर सांगा? मी कॉल संपवला, वही काढली आणि लिहिलं, 'पुण्याचा असून इतकं गोड बोलतो. माझ्या नोकरीवर डोळा आहे. सावध.'

तिसऱ्या मीटिंगला तो मुद्द्यावर आला. त्याने आमच्या कोठाराची एक प्रत तिकडे मांडली होती आणि ती नव्या सॉफ्टवेअरवर नेऊन बघितली होती. "सर, बाकी सगळं जातंय. पण दर वेळी सुरू केलं की जुनी पानं वर येतात. तीनदा करून बघितलं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये असं काही नाही. तुमच्याकडे काही वेगळं केलेलं आहे का? मधल्या काळात काही बदल?"

मॅनेजर ऐकत होती. वही माझ्या कोपराखाली होती. मी म्हटलं, "नो चेंजेस. एव्हरीथिंग इज स्टँडर्ड."

त्याने समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं. मग म्हणाला, "ओके सर. मग मीच काहीतरी चुकत असेन."

चोराच्या मनात चांदणं. तो 'मीच चुकत असेन' म्हणाला ते मला टोमणा वाटला. आज लिहितानाही त्या वाक्याची मला लाज वाटते, पण तेव्हा लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शुक्रवारी दुपारी मी ते पानभर लिहिलं. शिफारस: नाही. कारणं सात दिली आणि सातही खरी होती. साथीच्या ऐन भरात मूळ कोठाराला हात लावणं धोक्याचं. सपोर्ट बंद होण्याची भीती घालणं ही विक्रीची जुनी रीत. चाचणीत जुनी पानं वर येतात आणि त्याचं कारण कंपनीला सांगता येत नाही. हे झालं सातवं कारण. कंपनीला येत नव्हतं, मला येत होतं. तरी लिहिलं आणि पाठवून दिलं. मॅनेजरचं एका ओळीत उत्तर आलं, "चिअर्स, सोमवारी वर पाठवते."

शनिवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. मला आधी बाहेरून मागवलेल्या बिर्याणीचा संशय आला. दुपारपर्यंत मी वाकून चालत होतो आणि संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली. गाऊन, मास्क, काचेचं शिरस्त्राण घातलेले दोघे जण बघून शेजारची म्हातारी पडद्यामागून पार अंगणात आली. तिला नक्की वाटलं असणार, हे घर गेलं. हॉस्पिटलात आधी नाकात काडी, मग एका बंद खोलीत ताटकळणं, मग कळलं की कोविड नाही, अपेंडिक्स आहे. बायकोला आत येऊ देईनात. रविवारी ऑपरेशन झालं. फोनची बॅटरी संपली आणि चार्जर घरी राहिला. पुढचे दीड दिवस मी जगाच्या बाहेर होतो, आणि माझ्यासारख्याला त्याहून मोठी शिक्षा नाही.

मंगळवारी एका नर्सने चार्जर शोधून दिला. फोन लागला तसा मी बायकोला विचारलं, "घरी सगळं ठीक ना?"

ती म्हणाली, "आम्ही ठीक आहोत. तुझं कोठार आजारी पडलंय."

सोमवारी पहाटे वेबसाइट अडकली होती. माझ्या जागी तात्पुरता कुणी होता, त्याने जगातलं पहिलं औषध केलं, बंद करून सुरू. कोठार झोपलं आणि उठलं, कुलपाशिवाय. गेल्या वर्षीची सगळी पानं वर आली.

"मला कामावर जायच्या आधी टेस्ट हवी होती," बायको सांगत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "तुमच्या पानावर बघितलं. मैदानावरचं केंद्र, पाचपर्यंत चालू. पिल्लूला गाडीत घातलं आणि गेले. गेटला कुलूप. अरे, गेले कित्येक महिने तिथे कुणी नव्हतं म्हणे. आमच्या पुढे तीन गाड्या होत्या. एकीत एक आजोबा होते, ताप असावा, काच खाली करून मला विचारत होते, इज इट ओपन, लव्ह? मी त्यांना फोन दाखवला. हे बघा, वेबसाइटवर आहे, चालूच असणार. आणि आम्ही सगळे अर्धा तास तिथे थांबलो, कारण वेबसाइटवर होतं."

मी चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत ऐकत होतो.

"पिल्लू मागून म्हणते, इज इट लॉक्ड बिकॉज ऑफ बाबाज् वेबसाइट?"

जे कुलूप मी कोठारात लपवून ठेवलं होतं, ते माझ्या बायको-मुलीला त्या गेटवर भेटलं. मला टाके दुखत होते की आणखी काही, ते कळेना. मी रडलो. पलीकडच्या खाटेवरच्या माणसाने सभ्यपणे टीव्हीकडे तोंड फिरवलं.

मग तिने पुढचं सांगितलं. दुपारी मॅनेजरचा तिला फोन आला, तो काही लिहून ठेवतो का? बायकोला वही माहीत होती, प्रिंटरखालच्या ड्रॉवरमध्ये. तिने फोनवरच वाचून भाषांतर करायला घेतलं. कोठार झोपवणे म्हणजे पुट द ग्रेनरी टु स्लीप. मॅनेजरने ऐकून घेतलं आणि विचारलं म्हणे, "तो हे लिहिताना बरा होता ना?" शेवटी बायकोने वहीच्या पानांचे फोटो काढले आणि मॅनेजरने ते कंपनीच्या त्या मुलाला पाठवले, कारण मराठी आणि हे सॉफ्टवेअर दोन्ही कळणारा तेवढा एकच माणूस तिच्या माहितीत होता. वीस मिनिटांत पानं जागेवर आली.

"किती पानांचे फोटो काढलेस?" मी विचारलं.

"सगळ्यांचे. घाईत मी काय निवडत बसू?"

"सगळ्यांचे म्हणजे? शेवटच्या पानाचा पण?"

"शेवटच्या पानाचा पण. का?"

शेवटच्या पानावर तो होता. पुण्याचा असून गोड बोलणारा. मी डोळे मिटून पडून राहिलो. त्याने आता दोन गोष्टी वाचल्या होत्या. मी त्याच्याबद्दल काय समजतो ते, आणि लाल शाईतलं कुलूप. म्हणजे 'एव्हरीथिंग इज स्टँडर्ड' हे धडधडीत खोटं होतं, हे त्याला कळलं होतं. मॅनेजरला एक वाक्य सांगितलं की माझं काम तमाम. साठ दिवस. मी त्याच्या जागी असतो तर सांगितलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

गुरुवारी घरी आलो. मॅनेजरचा मेसेज होता, आराम कर. नो वरीज नव्हतं. त्याने मी जास्तच घाबरलो.

मेलमध्ये त्याचं एक पत्र होतं, इंग्रजीत, चार ओळींचं. 'सर, तब्येत कशी आहे? त्या दिवशी लागलेल्या तेवढ्या स्टेप्स मी मॅडमना फोनवर सांगितल्या, बाकी काही नाही. तुमची वही पूर्ण इंग्रजीत उतरवून जोडली आहे. फक्त तुम्हाला पाठवतोय. पुढे पाठवायची की नाही हे तुम्ही ठरवा, वही तुमची आहे.'

जोडलेली फाइल उघडली. माझी वही, पण स्वच्छ धुतलेली. चौकोन, बाण, क्रमवार पायऱ्या. कुलपाचं कारण काय असावं आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची गरज कशी उरणार नाही, हे त्याने शोधून लिहिलं होतं. मॅनेजरबद्दलची नो वरीजची नोंद गाळली होती. त्याच्याबद्दलची नोंद मी शोधली. तीही नव्हती. पुढे एक कोरं पान आलं आणि मी थांबलो. पहिल्या पानावर, लेखक म्हणून, फक्त माझं नाव होतं.

मी बायकोला म्हटलं, "यात काहीतरी आहे. त्याच्याकडे प्रत असणारच. मी पाठवली नाही तर तो पाठवेल. मी खोटारडा ठरावा म्हणून हा सापळा आहे."

ती डाळीला फोडणी देत होती. ती वळलीसुद्धा नाही. "एकदा नुसतं म्हणून बघ, की माणूस चांगला आहे. तोंडाला फोड येत नाही."

"आणि नोकरी गेली तर?"

आता मात्र ती वळली. "गेली तर गेली. मी पुन्हा त्या गेटवर उभी राहणार नाही."

मी आठवं कारण शोधत बसलो नाही. दुपारी मी दुसरं पान लिहिलं. शिफारस: हो, अपग्रेड करावं. त्याखाली लिहिलं की जुनी पानं वर येण्याचं कारण कंपनीचं नसून माझं आहे, मी ते मीटिंगमध्ये लपवलं, आणि सोमवारी जे झालं ते त्यामुळे झालं. सोबत ती फाइल जोडली. बोट बटणावर ठेवलं तेव्हा पुण्याच्या साहेबाच्या टाळ्या ऐकू आल्या. तरी दाबलं. टोमॅटो दाबून बघणाऱ्या मी त्या फाइलचं कोऱ्या पानापुढचं पान बघितलं नाही, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने एकटीने व्हिडिओ कॉल केला. चष्मा कपाळावर, समोर माझी पानं. ती म्हणाली, "तू मला खोटं सांगितलंस. त्याचा मला राग आला आहे आणि तो काही दिवस राहील."

मी हो म्हटलं.

"आता दुसरं. हे सगळं लिहून तू स्वतःची गरज संपवली आहेस, कळतंय ना तुला? अपग्रेडला वर्षभर लागेल. तेवढा काळ मला तू हवास, आणि तसं मी वर लिहिलं आहे. त्यापुढचं मला माहीत नाही. माहीत आहे असं मी सांगणार नाही."

ओळख झाल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या एका शब्दावरही संशय घेतला नाही. एक वर्ष साठ दिवसांपेक्षा मोठं असतं, एवढा हिशेब मला येत होता. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "अजून एक. शेवटचं पान तुमच्या भाषेत आहे. काय आहे ते? एखादी स्टेप राहायला नको."

तिने पान पडद्यावर आणलं. कोऱ्या पानानंतरचं. वर माझंच वाक्य होतं, जसंच्या तसं. 'पुण्याचा असून इतकं गोड बोलतो. माझ्या नोकरीवर डोळा आहे. सावध.' त्याखाली त्याने लिहिलं होतं:

'सर, मी साताऱ्याचा. पुण्यात नोकरीपुरता. तुमच्या नोकरीवर डोळा नाही, माझी आहे ती टिकली तर बास. हे अपग्रेड झालं नाही तर आमची टीम अर्धी होणार होती. माझीही अशीच एक वही आहे. ती अजून कुणाला दाखवलेली नाही.'

मी ते मनात दोनदा वाचलं. मॅनेजर वाट बघत होती. म्हणजे मी जे 'नाही' लिहिलं होतं, सात कारणं देऊन, त्यात याची नोकरी जात होती. आणि हे माहीत असून हा माझं बोलणं इंग्रजीत न उतरवता, माझं नाव वर घालून, मलाच विचारत होता की पाठवायचं का. आणि मी त्याला सापळा म्हटलं होतं.

"स्टेप आहे का?" तिने पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "ते माझ्यासाठी आहे."

तीनला नेहमीची मीटिंग होती. तो आला, कॅमेरा सुरू, मागे तीच भिंत. मॅनेजरही होती. तो म्हणाला, "गुड आफ्टरनून सर. हाऊ आर यू फीलिंग नाऊ?" आता तोच इंग्रजीत बोलत होता. माझं दार लावलेलं त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं तर.

मी मॅनेजरला सॉरी म्हटलं, एक मिनिट मागितलं, आणि त्याला मराठीत विचारलं, "साताऱ्यात कुठे?"

तो दचकला. कॅमेऱ्याकडे बघत राहिला, मग मॅनेजरच्या चौकटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कुठलाही मराठी माणूस या प्रश्नाला गाव, तालुका, मामाचं घर, सगळं सांगून मोकळा होतो. याने खुर्ची मागे सरकवली. शेवटी हळूच म्हणाला,

"कशासाठी विचारताय सर?"

मी इतका हसलो की टाके धरून बसावं लागलं.